छत्तीसचा ब्लाउज

आकडा कोणी देत नाही. हे पहिल्याच ओळीत सांगून टाकते, म्हणजे ज्यांना तेवढंच हवंय त्यांचा वेळ वाचेल. छाती कमी करायच्या ऑपरेशननंतर साइज नक्की किती होणार, हे मी डॉक्टरांना विचारलं, नर्सला विचारलं, मुलीला नेटवर शोधायला लावलं. सगळीकडून एकच उत्तर: नक्की सांगता येत नाही. मी बावीस वर्षं ब्लाउज शिवते. गिऱ्हाइकाला मी म्हटलं असतं, 'किती होईल सांगता येत नाही, शिवून झाल्यावर बघू,' तर पुण्यात माझं दुकान बावीस दिवस चाललं नसतं.

लिहायला बसले त्याचं कारण माझी गिऱ्हाइकं. माप द्यायला आलेली बाई इकडेतिकडे बघते, आवाज बारीक करते आणि विचारते, "ताई, तुम्ही ते ऑपरेशन केलंत ना? मग आता किती?" प्रत्येकीला तेच तेच सांगून माझं तोंड दुखायला लागलं. एकदाच लिहून ठेवते. इथे डॉक्टरी काही मिळणार नाही. जे माझ्यावर गेलं, तेवढंच आहे.

मान

दुखणं छातीमुळे आहे हे कळायलाच दोन वर्षं गेली, कारण दुखत होती मान. मग खांदे. मग उजव्या हाताची बोटं बधिर. मशीनवर अर्धा तास बसलं की मानेत कोणीतरी खिळा ठोकतंय असं व्हायचं. एक्स-रे झाले, पट्टा झाला, गोळ्या झाल्या. एका डॉक्टरांनी सांगितलं, उशी बदला. दुसऱ्यांनी सांगितलं, वजन कमी करा. आठ किलो कमी केलं. पोट गेलं, गाल बसले, छाती जागच्या जागी. तिसऱ्यांनी विचारलं, शिवणकाम सोडता येईल का? मी विचारलं, तुम्हाला डॉक्टरकी सोडता येईल का? ते काही हसले नाहीत.

घरचा उपाय एकच होता, मिठाची पुरचुंडी. माझं माहेर शुक्रवार पेठेतलं आणि सासर धायरीचं. धायरी शहरात आली, पण सासूबाईंची भाषा आली नाही आणि मी त्यांना 'आत्या' म्हणते तेही बदललं नाही. आत्या तव्यावर खडेमीठ तापवायच्या, जुन्या धोतराच्या फडक्यात बांधायच्या. पुढच्या खोलीत माझं दुकान. मी मशीनवरून हाक मारायची, "आत्या, शेक!" की त्या येऊन पुरचुंडी मानेवर दाबून धरायच्या. दर अर्ध्या तासाला एक हाक. शेवटी शेवटी अर्ध्या तासाची वीस मिनिटं झाली. दिवसाला सहा ब्लाउज हातावेगळे करणारी मी दोनावर आले. ऐन लग्नसराईत गिऱ्हाइकं परत पाठवली. मशीनवर कापड झाकून ठेवायचं आणि दुकान बंद करायचं, एवढंच राहिलं होतं.

शेवटी फिजिओथेरपीच्या एका पोरगेल्या मुलीने मला कुर्ता खांद्यावरून सरकवायला सांगितला. दोन्ही खांद्यांवर ब्राच्या पट्ट्यांनी खाचा पडल्या होत्या. बोट आडवं बसेल एवढ्या. तिने विचारलं, हे किती वर्षं आहे? मी म्हटलं, हे सगळ्याच बायकांना असतं. ती म्हणाली, "नाही काकू. सगळ्यांना नसतं." आणि कागदावर एका प्लास्टिक सर्जन बाईंचं नाव लिहून दिलं. माझ्या लेखी प्लास्टिक सर्जन म्हणजे नट्यांची नाकं सरळ करणारे. चार महिने तो कागद सुयांच्या डबीत पडून होता, मग एकदाची त्या बाईंना भेटून आले.

घरात सांगितलं

आमचे हे स्वारगेटच्या डेपोत मेकॅनिक आहेत. ते म्हणाले, "तुला योग्य वाटेल ते कर." हे वाक्य ऐकायला आधाराचं वाटतं, पण त्यात करायचं सगळं माझ्याकडेच राहतं. मुलगी सई म्हणाली, "फायनली!" ती कॉलेजात आहे आणि तिचं मत नेहमी एका शब्दात मावतं. आत्यांनी आधी हातातलं सूप खाली ठेवलं. मग म्हणाल्या, "द्येवानं दिल्यालं कापून टाकती व्हय?" त्यानंतर तीन दिवस अबोला. शेक मात्र चुकला नाही. न बोलता, जरा जास्तच गरम.

शेजारची एक बाई तोंडाला पदर लावून आली. कॅन्सर आहे का, म्हणाली. मी नाही म्हटल्यावर तिचा चेहराच उतरला. मग कशाला करतेस, असंही विचारून गेली. छातीचं ऑपरेशन करायला बाईला कॅन्सरच झाला पाहिजे, नाहीतर ती चोचलेच करते, असा एकूण हिशेब दिसला. मी तिला सांगितलं, दोन किलो साखर पिशवीत भरा, गळ्यात अडकवा आणि आठवडाभर पोळ्या लाटून दाखवा. तिने अजून दाखवल्या नाहीत.

माझी चूक

ही चूक फक्त एखादी शिंपीणच करू शकते, म्हणून नीट सांगते.

माझ्याकडे मापांची वही आहे. एका गिऱ्हाइकाला एक पान. त्यात एक पान माझं आहे. त्यावर लग्नाच्या वेळचं माप लिहिलेलं आहे, छाती छत्तीस. त्याच्याखाली सई झाल्यानंतर लिहिलेलं बेचाळीस. पुढे काही नाही. खरं माप शेहेचाळीस होतं, पण ते मी कधी लिहिलंच नाही. गिऱ्हाइकाचं माप मी पाव इंचाने चुकवत नाही. स्वतःचं मात्र चार इंच चोरलं होतं.

ऑपरेशन ठरलं. ऑपरेशनच्या तारखेनंतर अडीच महिन्यांनी पुतणीचं लग्न होतं. लग्नासाठी डाळिंबी रंगाची इरकल घेतली होती. तिचा ब्लाउजपीस मी बोहरी आळीतून आणलेल्या अस्तरावर ठेवला आणि छत्तीसच्या मापाने कापला. ऑपरेशनच्या आधी. पीस तोकडा होता, त्यामुळे आत माया सोडली नाही. माया म्हणजे शिलाईच्या आत ठेवलेलं जास्तीचं कापड, उद्या बाई सुटली तर उसवून मोठं करायला. आम्ही ती प्रत्येक ब्लाउजात सोडतो. ह्यात मी एक दोराभर सोडली नाही. मला पुन्हा मोठं व्हायचंच नव्हतं. हुकं लावली, हुकांची काजं केली, इस्त्री केली आणि ब्लाउज पिशवीत घालून त्या सर्जन बाईंकडे नेला.

टेबलावर ठेवून म्हटलं, "ह्यात बसेल इतकं करा."

डॉक्टरबाई वयाने माझ्याएवढ्याच. त्यांनी ब्लाउज हातात घेतला, शिलाई बघितली, फिनिशिंग छान आहे म्हणाल्या. मग घडी घालून परत माझ्यापुढे ठेवला. त्यांनी जे सांगितलं ते मी तेव्हा ऐकलं, पण कानात शिरू दिलं नाही. ब्लाउजच्या मापावर त्या ऑपरेशन करत नाहीत. खांदे, उंची, पाठ बघून अंगाला शोभेल तेवढं ठेवतात. आणि त्याहून महत्त्वाचं, आत रक्त नेणाऱ्या नसा जेवढं जगवू शकतील तेवढं ठेवावंच लागतं. फार कापलं तर निपल वाचत नाही. कपचा आकडा तर कंपनीगणिक बदलतो, त्याची खात्री देणारा डॉक्टर भेटला तर त्याच्याकडे जाऊ नका, असंही म्हणाल्या.

मी विचारलं, "कापताना माया सोडता का?"

"सोडते. तुमचं कापड चुकलं तर दुसरं आणता येतं. माझं आणता येत नाही."

मला वाटलं, डॉक्टर असंच बोलतात. गिऱ्हाईक नंतर भांडायला नको म्हणून आम्हीही अंग फुगेल, कापड आटेल असं सांगून ठेवतोच. मी ब्लाउज घरी आणून कपाटात वर ठेवला.

हॉस्पिटल

ऑपरेशनच्या सकाळी डॉक्टरबाई हातात मार्कर आणि टेप घेऊन आल्या. मला सरळ उभं केलं आणि अंगावर रेघा मारायला लागल्या. तो टेप बघून जरा बरं वाटलं. आमच्यासारखाच, कडेला दुमडलेला. खांद्यापासून माप घ्यायची पद्धतही तीच. मध्ये एकदा मी म्हटलं, उजवीकडची रेघ खाली आलीय. त्या म्हणाल्या, तुमची उजवी बाजू मोठीच आहे. कोणाच्याच दोन बाजू सारख्या नसतात, हे मी गिऱ्हाइकांना बावीस वर्षं ऐकवतेय. स्वतःचं मात्र मला मार्करने लिहून दाखवावं लागलं.

भीती आत नेताना वाटली. दिवे, गारठा आणि हिरव्या कपड्यांतली अनोळखी माणसं. माझ्या डोक्यात सईचं लग्न वगैरे काही आलं नाही. एका गिऱ्हाइकाच्या ब्लाउजला काजं करायची राहिली आहेत, एवढंच आलं.

जाग आली तेव्हा छातीवर पट्ट्यांची घट्ट गुंडाळी आणि दोन बाजूंना दोन नळ्या. नळ्यांच्या टोकाला प्लास्टिकच्या बाटल्या. संडासला जाताना त्या हातात घेऊन जायच्या. दर पाळीला नवी नर्स यायची आणि भरल्या वॉर्डात विचारायची, "कशाचं ऑपरेशन?" फाइल पायाशी टांगलेली असायची. तिसऱ्या वेळेला मी म्हटलं, फाइल वाचायला मनाई आहे का? तेव्हापासून सगळ्याजणी फाइल वाचू लागल्या आणि माझ्याशी बोलेनाशा झाल्या.

काढलेला भाग तपासायला पाठवतात. हे मला आधी सांगितलं असणार, पण लक्षात राहिलं नव्हतं. आठ-दहा दिवसांनी रिपोर्ट येईल म्हणाले. कॅन्सर नाही म्हणून शेजारणीला टोमणा मारणारी मी, ते दहा दिवस देवासमोर हात जोडून बसून होते. ह्यांनी एक दिवस न सांगता रजा टाकली, रिपोर्ट आणला आणि दारातूनच मान हलवली, काही नाही म्हणून. मग बाहेर जाऊन बराच वेळ गाडी पुसत बसले. त्या दिवशी त्यांच्यावरचा निम्मा राग गेला. निम्मा अजून आहे.

पहिल्यांदा पाहिलं तेव्हा

पट्ट्या सोडल्यावर मी आरशात पाहिलं आणि रडले. आनंदाने नाही. चौकोनी, वर चढलेल्या, सुजलेल्या, निळ्याकाळ्या. उशीत कापूस कोंबून तोंड शिवावं तशा. खालून अर्धगोल टाके आणि मधून एक उभी रेघ. मला वाटलं, बिघडवलं ह्या बाईने. असं काम मी केलं असतं तर गिऱ्हाइकाने अंगावर फेकलं असतं. डॉक्टरबाई म्हणाल्या, सूज उतरेल, मऊ होतील, खाली बसतील. किती दिवसांत? काही महिने. किती महिने? प्रत्येकीचं वेगळं असतं. मी दात-ओठ खात घरी आले.

सहा आठवडे हात वर करायचे नाहीत, उताणं झोपायचं, चोवीस तास हॉस्पिटलने दिलेली, पुढून हुक असलेली घट्ट ब्रा. एक सांगून ठेवते, त्या काळात दुसरी ब्रा घ्यायला जाऊ नका. सईने हौसेने दोन आणल्या, दोन कंपन्यांच्या, दोन वेगळ्या आकड्यांच्या. महिन्याभरात दोन्ही ढगळ झाल्या. डावीकडे स्पर्श कळत नव्हता. तो पुढे आला, पण पूर्ण नाही.

हात वर जात नव्हते त्यामुळे वेणी घालता येईना. पहिल्या दिवशी मी केस तसेच सोडून बसले होते. आत्या तेलाची वाटी घेऊन आल्या, मागे बसल्या आणि विंचरायला लागल्या. ऑपरेशनबद्दल चकार शब्द नाही. वेणी एवढी करकचून घातली की डोळे ताणले गेले. रोज दोन महिने.

लग्न

लग्नाच्या आठ दिवस आधी कपाटातून छत्तीसचा ब्लाउज काढला. हात गेले, खांदे बसले, पुढे आणलं तर दोन काठांमध्ये चांगली सहा इंच जागा. श्वास सोडून ओढलं, सईने ओढलं. टाक्यांपाशी दुखायला लागलं तेव्हा सोडून दिलं. मी पलंगावर बसले आणि डॉक्टरबाईंना मनातल्या मनात पुणेरी भाषेत जे बोलले ते इथे लिहीत नाही.

शेवटी लग्नात मी तयार मिळणारा, ताणला जाणारा ब्लाउज घातला. बाजारचा. माझ्या हातचे चौदा ब्लाउज त्या मांडवात फिरत होते आणि मी ते तसलं घालून उभी. एक नणंद म्हणाली, एवढं करून काही फरक दिसत नाही गं. दुसरी म्हणाली, फारच कमी केलंस, बाई वाटेनाशी झालीस. दोघी एकाच पंगतीत जेवायला बसल्या होत्या.

त्यानंतर माझा एकच उद्योग सुरू झाला. दर रविवारी तो ब्लाउज घालून बघायचा. सहा इंचांची जागा साडेचार झाली. पुढच्या महिन्यात अगदी थोडी कमी. मग तिथेच थांबली. तिसऱ्या महिन्यात मशीनवर बसायची परवानगी मिळाली होती, पण वीस मिनिटांच्या वर बसू नका, हळूहळू वाढवा, असं सांगितलं होतं. मी घड्याळ लावून बसायची आणि दुखायच्या आधीच सवयीने हाक मारायची, "आत्या, शेक!" डॉक्टरबाई दर भेटीला विचारायच्या, मान कशी आहे? मी म्हणायची, मान राहू द्या, हे बघा. आणि ब्लाउज काढायची.

सहाव्या महिन्यात

सहाव्या महिन्यात मी भांडायच्याच तयारीने गेले. ब्लाउज टेबलावर टाकला आणि म्हटलं, अजून चार इंच आहे. तुम्ही कमी काढलंत. परत करा.

डॉक्टरबाई चिडल्या नाहीत. चिडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी मला पर्समधला टेप काढायला सांगितला. तो असतोच माझ्याकडे. म्हणाल्या, "छातीचं माप नको. त्याच्याखालचं घ्या, बरगड्यांवरून."

मी घेतलं. टेप सोडला आणि पुन्हा एकदा ओढून घेतलं.

"किती?"

"छत्तीस."

"आता मला सांगा," त्या म्हणाल्या, "छत्तीसच्या पिंजऱ्यावर छत्तीसची छाती ठेवायची, तर मी काय शिल्लक ठेवायला हवं होतं?"

काहीच नाही. लग्नात मी बावीस वर्षांची काडी होते. तेव्हा बरगड्या तीस असतील. बरगड्या कापून कमी होत नाहीत, वय वाढलं की पाठ भरते, हे मी रोज दहा बायकांना सांगते. लग्नातल्या मापाचा शिवा म्हणून कोणी आलं तर हसून परत पाठवते. आणि स्वतःसाठी मात्र पानावरचा तेवीस वर्षांपूर्वीचा आकडा बघून कात्री चालवली होती. डॉक्टरबाई म्हणाल्या, आता साधारण हेच राहील. वजन वाढलं तर वाढेल, पाळी जाताना थोडं बदलेल. मान कशी आहे? मी ब्लाउज पिशवीत कोंबला आणि उठले.

घरी आले ती धुमसत. जेवले नाही. दुपारी चारला तो ब्लाउज घेऊन मशीनवर बसले आणि बाजूच्या शिलाया उसवायला लागले. एकेक टाका. स्वतःचंच बारीक काम उसवणं म्हणजे काय ते शिवणाऱ्या बाईला विचारा. उसवलं तरी आत वाढवायला कापड नाही. जोड द्यायचा तर त्या रंगाचा तुकडा कुठून आणायचा? आत्या दारात उभ्या राहून बघत होत्या. 'कापून टाकती व्हय'नंतर ह्या सगळ्याबद्दल पहिल्यांदाच बोलल्या. "लुगड्याच्या आतल्या टोकातनं काप की. खोचल्यावर त्ये कोन बघतंय?"

मी साडी आणली. आतल्या टोकाची वीतभर पट्टी कापली. दोन्ही बगलांखाली जोड घातले, अस्तराला वेगळे, वरच्या कापडाला वेगळे, काठाची रेघ रेघेला जुळवून. टक्स, म्हणजे छातीला आकार देणाऱ्या चुण्या, उसवून परत बसवले, उजवीकडचा डावीपेक्षा पाव इंच मोठा. ह्या वेळी आत भरपूर माया सोडली. रागात होते, त्यामुळे हात भराभर चालत होता. घड्याळ लावायचं राहिलं होतं. शेवटचं हुक शिवलं, दोरा दाताने तोडला, ब्लाउज चढवला आणि आरशासमोर सगळी हुकं लावली. बसला. चाळीसचा ब्लाउज, चाळीसच्या बाईला. मी वही काढली आणि माझ्या पानावर चाळीस लिहिलं.

वळले तर उंबऱ्याजवळ आत्या पाटावर बसल्या होत्या. मांडीवर मिठाची पुरचुंडी.

"कधीच्या बसलात?"

"तू बसलीस तवापासनं. तीनदा तापवली," त्या म्हणाल्या. "तू हाकच मारली न्हाईस."

भिंतीवरच्या घड्याळात पावणेआठ झाले होते. मी मान उजवीकडे वळवली. डावीकडे वळवली. पुन्हा एकदा वळवून बघितली.

आत्यांनी गाठ सोडली आणि मीठ परत डब्यात ओतलं.